सोलापूरहून अंदमान: पाच दिवसांत स्कूबा आणि फ्लाय फिशिंग दोन्ही जमेल का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात राहतो, पोहायला जेमतेम येतं, बेटावर पाच दिवस मिळतील, तर स्कूबा आणि फ्लाय फिशिंग दोन्ही उरकता येईल का, आणि जायचं कुठे. जमतं. मी दोन खेपा केल्यात, पहिली बरीच चुकत. फक्त क्रम पक्का ठेवा: डायव्हिंग आधी, मासेमारी शेवटी.

कारण असं. पाण्याखाली दाबातली हवा घेताना नायट्रोजन अंगात मुरतो आणि तो निघायला वेळ लागतो. लगेच विमानात बसलात तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोज डाइव्ह करत असाल तर किमान १८ तास विमान नाही. पहिल्या खेपेला आम्ही नेमकं उलटं केलं. शेवटच्या दुपारी डाइव्ह, सकाळी परतीचं विमान. प्रशिक्षकाने तिकिटाची वेळ विचारली आणि सरळ ‘नाही’ म्हणाला. त्या दुपारी किनाऱ्यावर शहाळं पीत बसलो. तो शेवटचा रिकामा दिवसच मासेमारीला द्यायचा.

जायचं अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. रात्री सोलापूर स्टेशनवर मुंबई-चेन्नई गाडी पकडायची, चेन्नईहून विमानाने पोर्ट ब्लेअर (नवं नाव श्री विजयपुरम), पुढे बोट. जाण्यायेण्याचे दिवस पाचात धरू नका. लक्षद्वीपही सुंदर आहे, पण तिथे परवाना लागतो आणि कोचीहून अगत्तीला जायचं म्हणजे आपल्याला वळसा. पावसाळ्यात दोन्हीकडे नको.

स्कूबाचं फार टेन्शन घेऊ नका. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. १८ मीटरचा ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा पहिला रीतसर कोर्स) करायचा तर मात्र २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, शिवाय १० मिनिटं तरंगायचं. ते जायच्या आधी इथल्याच जलतरण तलावात जमवा. खरी अडचण कानांची. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखेपर्यंत थांबायचं नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.

फ्लाय फिशिंग मात्र तिथे जाऊन शिकता येत नाही. उजनीवर आपण गळ टाकतो तेव्हा शिसं दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळजवळ वजनच नसतं, नुसता पिसं आणि दोरा गुंडाळलेला गळ, त्यालाच फ्लाय म्हणतात. वजन असतं त्या जाड दोरीत. ती मागे फेकायची, मागे पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे सोडायची. ते अर्ध्या क्षणाचं थांबणं अंगात यायला मला दोन महिने लागले. पहिल्या दिवशी गळ माझ्याच टोपीत रुतला होता. गच्चीवर सराव करू नका, विजेच्या तारा असतात. मी पहाटे हिप्परगा तलावाकाठी जायचो, गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून, १५ मीटरवर स्टीलचं ताट ठेवून. ताटावर गोंडा पडला की दिवस चांगला. वारा असेल त्या दिवशी मुद्दाम जा, समुद्रावर तो असतोच. फ्लायही घरी बांधता येतात. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्यामुळे पांढरं सूत फुकट. कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडून आणली, त्याने दोनदा विचारलं कशाला म्हणून.

दुसऱ्या खेपेला उथळ पाण्यात एक ट्रेव्हली (समुद्रातला एक शिकारी मासा) फ्लायच्या मागे लागली. पाण्यावर तिचा फुगवटा दिसत होता. तिने फ्लाय तोंडात घेतला आणि चिलापी पकडणाऱ्या माझ्या हाताने झटक्यात काठी वर केली. फ्लाय तोंडातून सुटून माझ्याकडे आला. समुद्रात काठी माशाच्या दिशेने खालीच ठेवायची आणि डाव्या हाताने दोरी सरळ मागे खेचायची. बोटीवाला एवढंच म्हणाला, ‘भैया, ये तालाब नहीं है.’ तासाभराने हातभराची दुसरी लागली, ती परत सोडली. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केला होता, त्यामुळे लगेच निघाला.

सामान तिथे भाड्याने मिळेल असं धरू नका. नवशिक्याला ८ किंवा ९ नंबरची काठी पुरते (नंबर म्हणजे ती किती वजनाची दोरी पेलते ते). राखीव सागरी उद्यानांत मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे परवाना असलेलीच बोट घ्या. खारफुटीच्या खाडीत पाय घालू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. संध्याकाळी रीळ गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर मीठ खातं. आणि गळ चेक-इन बॅगेतच टाका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वरच्या पिशवीत राहू द्या, बोटीवर दुपारी दुसरं काही मिळत नाही.