घायपात: रोपं विकणाऱ्याच्या हिशोबानं लावू नका

पाऊस तोंडावर आला की दरवर्षी ठरावीक प्रश्न येतात. यंदा त्यात घायपातीची, म्हणजे पानांतून दोराचा वाख (धागा) देणाऱ्या केकताडाची भर पडली आहे. ज्या केकताडाकडे बांधावर कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याची रोपं आता टेम्पो भरून गावोगाव फिरत आहेत. आलेल्या प्रश्नांपैकी चार इथं घेतो.

प्रश्न: दोन एकर मध्यम काळी जमीन आहे. नर्सरीवाला 25 रुपयांना सिसलचं (वाखासाठी लावतात त्या घायपातीचं) रोप देतो. एकरी 4000 रोपं लावा, दोन वर्षांनी पानं आम्हीच किलोवर उचलू, असा करार करतो. लावावं का? (तालुका आटपाडी)

नको. काळ्या जमिनीत तर अजिबात नको. घायपातीला पाणी साचलेलं चालत नाही. तुमच्या त्या जमिनीत ज्वारी येते, हरभरा येतो, तेच करा. हे पीक मुरमाड माळाचं, उताराचं आणि बांधाचं आहे.

आता नर्सरीवाल्याचा हिशोब. एकरी 4000 म्हणजे एका झाडाला एक चौरस मीटर. पूर्ण वाढलेलं पान मीटर-सव्वा मीटर लांब, टोकाला काळा टणक काटा. त्या गचपणात कापणीला माणूस शिरणार कसा? जोडओळ पद्धत घ्या: जोडीतल्या दोन ओळींत 1 मीटर, झाडांत 1 मीटर आणि दोन जोड्यांमध्ये 2 मीटर मोकळं. एकरी 2650 च्या आसपास रोपं बसतात. मधल्या पट्ट्यात पहिली दोन वर्षं मटकी, कुळीथ निघतात. 4000 चा आकडा झाडाच्या नव्हे, 25 रुपयांच्या सोयीनं काढलेला आहे. एकरी एक लाख रुपये रोपांतच गेले, पुढचं पुढे.

पानं किलोवर उचलायची हमी तर कागदावरच ठेवा. 100 किलो हिरव्या पानांतून सुका वाख निघतो 3 ते 4 किलो. बाकीचं पाणी आणि चोथा. एवढं ओझं लांबच्या यंत्रापर्यंत वाहून कोणाला परवडतं? आणि दोन वर्षांनी उचलायला पान तयार तर हवं! पहिली कापणी तिसरं वर्ष संपल्यावर. सफेद मुसळी या औषधी पिकात हेच झालं, इमू पक्षीपालनात हेच झालं. खरेदीदार रोपं आणि पिल्लं विकेपर्यंतच दिसतो. वाख घेणारा, यंत्र चालू असलेला माणूस वीसेक किलोमीटरच्या आत प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एकरावर घायपात लावू नका. बांधावर लावायला कुणाची परवानगी नको.

काही एजंट टकीलाचं आमिष दाखवतात. टकीला मेक्सिकोत, मुख्यतः हालिस्को प्रांतात, निळ्या अगेव्हच्या (घायपातीच्या दुसऱ्या जातीच्या) बुंध्यापासून होते. ते झाड वेगळं. शिवाय दारू गाळायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हे एजंट कधीच सांगत नाही.

रोप विकत घ्यायचंच असेल तर आधी पानाच्या कडेवरून बोट फिरवा. सिसलच्या मोठ्या पानाची कड जवळजवळ गुळगुळीत, काटा फक्त टोकाला. कडेला आकड्यासारखे काटे, पान रुंद आणि राखाडी-निळसर असेल तर ती बागेत, रस्त्याकडेला लावतात ती अमेरिकाना, घायपातीची वेगळी जात. तीच सिसल म्हणून खपवली जाते. पान फार लांब, हिरवंगार, टोकाचा काटा नावापुरता आणि मोडल्यावर उग्र वास, तर तो मॉरिशस हेंप. त्याचाही वाख निघतो, मऊ असतो, पण सिसलच्या भावानं रोप घेऊ नका.

खरं तर रोप विकत घ्यायची गरजच नाही, हे मी प्रत्येक शिवारफेरीत सांगतो. घायपात आयुष्यात एकदाच फुलते, साधारण सात ते दहा वर्षांनी. मधून उंच दांडा निघतो आणि फुलं गळाली की त्या दांड्यावर शेकड्यांनी पिल्लं (इवली रोपं) धरतात. ती गोळा करा. गादीवाफ्यावर जवळ जवळ टोचा, धरली की दुसऱ्या वाफ्यात 50 बाय 25 सेंटिमीटरवर हलवा. पाणी बेतानं. वर्ष-सव्वा वर्षात फूटभर उंचीचं, पाव किलो वजनाचं, पाच-सहा पानांचं रोप तयार होतं. तेच लावा. बुंध्यालगत फुटणारे मुनवे (फुटवे) चालतात, पण ते लहान-मोठे असतात, त्यामुळे शेत एकसारखं होत नाही. एकच पथ्य: रोगट झाडाचं पिल्लू घ्यायचं नाही. दांडा आल्यावर झाड मरतंच. दांडा थांबवायचं औषध म्हणून दुकानात जे मिळतं त्याला पैसे देऊ नका. असं औषध नाही.

प्रश्न: पानांवर जांभळे-हिरवे पट्टे आले, काही झाडांचा पोंगा (मधला कोवळा कोंब) ओढला की हातात येतो. दुकानदारानं टॉनिक, युरिया आणि बुरशीनाशक एकत्र मारायला सांगितलं. दोनदा मारलं, फरक नाही. (तालुका आष्टी)

फरक पडणारच नव्हता. हा झेब्रा रोग, फायटोफ्थोरा बुरशीचा. पावसाळ्यात, पाणी तुंबलेल्या जागी, जमिनीला टेकलेल्या खालच्या पानांवरून सुरू होतो. आधी पानावर एकाआड एक वलयं, मग बुंधा सडतो, मग पोंगा. पोंगा हातात आला ते झाड गेलं. मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा, बांधावर फेकू नका.

आधी चर काढा. पाणी निघालं नाही तर जगातलं कुठलंही औषध वाया. मग फक्त आजूबाजूच्या झाडांवर मेटॅलॅक्सिल-मँकोझेबचं तयार मिश्रण, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम. पान मेणचट असतं म्हणून त्यात स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घाला. बुंध्याभोवती भिजेल असं फवारा, पाऊस उघडलेला दिवस बघून. गरज पडली तर पंधरा दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड, 10 लिटरला 30 ग्रॅम. बस्स. पंपाला मूठभर टाकू नका. दुप्पट मात्रेनं रोग दुप्पट वेगानं जात नाही, खर्च तेवढा दुप्पट होतो. टॉनिक आणि युरिया बुरशीनाशकात मिसळू नका. रोग चालू असताना युरिया देऊच नका, पान मऊ पडतं आणि बुरशीला आयतं मिळतं. दुकानदार काय सांगतो याच्याशी तुमच्या झाडाला देणंघेणं नाही. त्याला बाटली विकायची आहे.

खताची शिफारस हेक्टरी 60:30:60 नत्र, स्फुरद, पालाश, तीही पाऊस स्थिरावल्यावर. एकरी साधारण 50 किलो युरिया, 75 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 40 किलो पोटॅश. पोटॅश द्यायचं टाळू नका. पालाश कमी पडला की पान बुडाशी बारीक होऊन वाळतं आणि कोलमडतं. तो रोग नव्हे, त्यावर फवारणी करू नका. कोकणातल्या आंबट जांभ्या जमिनीत चुना आवर्जून द्या. या झाडाला कॅल्शियम भरपूर लागतं.

प्रश्न: अडीच वर्षांची लागवड आहे. व्यापारी म्हणतो आत्ताच सगळी पानं उतरवा, भाव आहे. (तालुका जत)

भाव त्याचा, झाड तुमचं. थांबा. तीन वर्षं भरू द्या आणि कापणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पावसात कापलेल्या जखमेतून रोग शिरतो आणि वाख वाळत नाही. खालची, आडवी झुकलेली पानंच घ्या, उभी पानं आणि पोंग्याला हात लावू नका. पहिल्या कापणीत झाडावर किमान 16 पानं उभी राहिली पाहिजेत. मजुराला ही मोजणी सांगा, उभं राहून मोजून घ्या. व्यापाऱ्याचे मजूर असतील तर नक्कीच मोजा, कारण त्यांना पानाच्या संख्येवर मजुरी असते. झाड बोडकं केलं की पुढची पानं आखूड येतात आणि आखूड वाखाला दोरवाला भाव देत नाही.

कापल्यावर आधी टोकाचा काटा छाटा. पान त्याच दिवशी यंत्रावर घ्या, फार तर दुसऱ्या दिवशी. पानं तळ्यात कुजत घालायची जुनी पद्धत सोडा, वाख काळपट पडतो. सोललेला वाख लगेच स्वच्छ पाण्यात धुवून दोरीवर उन्हात टाकायचा. रसानं अंगाला खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा. मात्र यंत्रात पान घालताना सैल बाही आणि ढगळ हातमोजे नकोत. चोथ्याचं खत होतं, तो ओढ्यात सोडू नका. त्यातल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ द्रव्यानं मासे मरतात.

प्रश्न: वाख काढायच्या यंत्राला अनुदान आहे का? एजंट पीएमएफएमईतून 35 टक्के मिळवून देतो म्हणतो. (तालुका माण)

ती योजना अन्नप्रक्रियेची आहे, वाख खाता येत नाही. एजंटाला पैसे देऊ नका. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25, विशेष गटाला 35 टक्के अनुदान, बँक कर्जाशी जोडून. अर्ज ऑनलाइन, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर यंत्र यादीत असेल तरच अर्ज करा आणि पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, बिल आधीचं निघालं तर अनुदान नाही. बांधावरच्या लागवडीला रोजगार हमीतून काही बसतं का ते जॉबकार्ड घेऊन रोजगार सेवकाला विचारा. एकट्यानं यंत्र घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घ्या आणि ते शेताजवळच ठेवा. घेण्याआधी विक्रेत्याला तुमची स्वतःची पानं तासभर सोलून दाखवायला लावा, त्यानं आणलेली नव्हे.