चाळ मागे सरकणार, मग रस्त्याचं काय? यावर वाद घालायला आवडतं, पण त्यात करिअर आहे का?

पत्र थोडक्यात असं: मी बारावी सायन्सला आहे, गिरगावात राहते. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. मीटिंगमध्ये आर्किटेक्ट म्हणाले की नवीन बिल्डिंग रस्त्यापासून मागे जाणार आणि पुढे कंपाउंड वॉल येणार. मी म्हटलं, मग खालची दुकानं, ओटे, सगळी वर्दळच जाईल. काका म्हणाले, उजेड-हवा तरी मिळेल. तासभर वाद झाला, मला तो जाम आवडला. हे शिकायचं असेल तर काय करू? बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे.

अगं, तुमच्या मीटिंगमध्ये झाला तो वाद मुंबईत शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्यावर पगार घेऊन काम करणारी माणसं आहेत, तेव्हा करिअर आहे का ही शंका आधी काढून टाक.

आणि काका चुकले नाहीत हं. १८९६ ला प्लेग आला, दाट, अंधाऱ्या वस्त्या मोकळ्या करायला १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि पुढे त्यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला, म्हणजे घराच्या पायथ्यापासून तेवढ्या कोनात वर रेघ मारायची आणि समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. तू सायन्सवाली आहेस, टॅन काढून बघ, साधारण २ येतो, म्हणजे ३० फूट उंचीला १५ फूट मोकळी जागा. दादरची हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी याच ट्रस्टच्या आखणीतल्या. एकदा दुपारी तिथल्या झाडांखालून चालून ये.

पण मग सीएसएमटीवरून डी. एन. रोडने फ्लोरा फाउंटनकडे पण चालत जा. तिथे इमारती रस्त्याला अगदी चिकटून, पुढे मोकळी जागा नाहीच, तरी खाली कमानींची पडवी आहे आणि भर पावसात बराचसा रस्ता छत्री न उघडता पार होतो. म्हणून बिल्डिंग किती फूट मागे एवढंच विचारून भागत नाही, सोडलेल्या जागेत काय येणार आणि ती कोणाच्या ताब्यात जाणार हे विचारावं लागतं.

इथे तुमच्या मीटिंगमध्ये एक गोंधळ झाला असणार, जवळपास सगळीकडे होतो. सेटबॅक हा एकच शब्द लोक दोन गोष्टींना वापरतात. १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम २९७ आहे, त्यात रस्त्याची रेग्युलर लाइन, म्हणजे रस्त्याची कड कुठवर असायची ती रेघ, ठरते, ती तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर पुढचा तुकडा रस्त्यासाठी पालिकेला जातो आणि बदल्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळतो, हा रोड सेटबॅक. दुसरी म्हणजे प्लॉटच्या आतली मार्जिन, डीसीपीआर २०३४ या मुंबईच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे सोडायची, ती सोसायटीकडेच राहते. फायर ब्रिगेडची गाडी फिरायला ती लागतेच, त्यात कमी करा असं चुकूनही म्हणू नकोस. तू विचार की पहिल्या तुकड्याचा फुटपाथ कधी होणार, आणि दुकानांचं तोंड रस्त्याकडे ठेवता येईल का, की नुसती भिंत? कारण एक बिल्डिंग मागे गेली आणि शेजारची जुन्याच रेषेवर राहिली की रस्त्याची कड दात पडल्यासारखी होते, त्या खाचेत बाइक लागतात, आणि काठी टेकत चालणारी माझी आई शेवटी गाड्यांमध्ये उतरते. मला याचा खरंच त्रास होतो.

आता शिक्षणाचं. भिंतीच्या आतलं डिझाइन करायचं असेल तर बी.आर्क., ५ वर्षं, नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. पूर्ण वॉर्डाचा नकाशा, रस्ते, नियम यात रस असेल तर बी.प्लॅनिंग, ४ वर्षं, जेईईत त्याचा वेगळा पेपर असतो, दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) बघ, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ बघ. तुझं पत्र वाचून मला तू प्लॅनिंगची वाटतेस. रस्त्याचंच डिझाइन, म्हणजे अर्बन डिझाइन, हे बहुतेक ठिकाणी बी.आर्क. नंतरचं मास्टर्स असतं, तेवढं लक्षात ठेव. सरकारीत जायचं तर सहायक नगर रचनाकार ही पोस्ट एमपीएससीतून भरतात. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो, हे बाबांना आधीच सांग, लपवू नकोस.

वाद घालायची हौस वाया जात नाही. २०१५ ला मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यावर इतका गदारोळ झाला की सरकारने तो नव्याने करायला लावला. पण कायद्याने मागवलेली हरकत म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, नकाशा वाचून, प्लॉट दाखवून, आकडा देऊन लिहावी लागते.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. एक टेप घे आणि तुमच्या गल्लीत आणि हिंदू कॉलनीतल्या एका गल्लीत फुटपाथची मोकळी रुंदी दर वीस पावलांवर मोज, इंडियन रोड्स काँग्रेसच्या गाइडलाइनप्रमाणे ती किमान १.८ मीटर पाहिजे. कुठे कमी भरते, कशामुळे, सगळं वहीत लिही. दोन रविवार जातील. तिसऱ्या रविवारीही जावंसं वाटलं तर मला कळव, मग आपण कॉलेजची लिस्ट करू. आणि बाबांना बरोबर ने, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच, कॉम्प्युटरचा विषय तिथेच चालता चालता काढा. जीआयएसचं, म्हणजे नकाशावर माहिती भरून तपासायचं, बरंचसं काम आता कॉम्प्युटरवरच होतं, हेही त्यांना सांग.