कातळावर सापडलेला सायनोबॅक्टेरिया (निळं-हिरवं शैवाल म्हणतात तो जीवाणू) नवीन प्रजातीचा आहे हे कसं ठरवायचं, आणि त्याचं वर्णन कसं लिहायचं?

रंगावरून तर मुळीच ठरवू नका. तुम्ही लिहिलंय की घाटातल्या कड्यावर लालसर ग्लिओकॅप्सा (पेशींभोवती रंगीत आवरणं असलेला सायनोबॅक्टेरिया) मिळाला, देसिकाचारींच्या सायनोबॅक्टेरियांवरच्या १९५९च्या ग्रंथात नीट बसत नाही, म्हणजे नवीन असणार. हे वाचून माझी जुनी खपली निघाली.

एमएस्सीच्या प्रकल्पात माझ्याकडे असेच दोन नमुने होते. एक पावसाळ्यात झिरपणाऱ्या बसाल्टच्या कड्यावरचा, आवरणं तांबूस. दुसरा त्याच घाटरस्त्याच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या कठड्यावरचा, आवरणं निळी-जांभळी. पेशींचं माप सारखं, तीन प्रतलांतलं (तीन दिशांतलं) पेशीविभाजन सारखं, एकात एक आवरणंही सारखीच. आमच्या मार्गदर्शकांना मात्र दोन प्रजाती हव्या होत्या आणि त्यातली एक नवीन. मी जांभळ्या नमुन्याच्या स्लाइडला कव्हरस्लिपच्या एका कडेने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब लावला आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घेतलं. आवरणं डोळ्यांदेखत लाल झाली. लाल नमुन्याला अल्कली दिली, तो जांभळा झाला. आवरणातलं ग्लिओकॅप्सिन हे रंगद्रव्य लिटमससारखं वागतं: आम्लात लाल, अल्कलीत निळं-जांभळं. चुना अल्कलीधर्मी, तेव्हा त्यावर काय दिसणार ते उघड आहे.

सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "पण निसर्गात तर वेगळे दिसतात ना!"

यात माझा शोध काहीच नव्हता. आल्प्सच्या कड्यांवर पाणी ओघळतं तिथे जे काळे पट्टे पडतात, त्यांना जर्मनभाषक 'शाईचे पट्टे' म्हणतात. त्यांतला चुनखडीवरचा जांभळा ग्लिओकॅप्सा तो 'अल्पिना', सिलिकायुक्त खडकावरचा लाल तो 'सँग्विनिया', अशी नावं चालत आली होती. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो याग यांनी उघड्या कातळावरच्या शैवालांवर १९४५ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि असे रंगभेद एकाच प्रजातीच्या अवस्था मानले. ती पानं मी टेबलावर ठेवली, तर उत्तर आलं, "जर्मन कोण वाचतंय?"

आता तुमचं काम. ताजा नमुना आधी कड्यावरून आणल्या आणल्या बघा, फोटो काढा, मापं घ्या. मग बीजी-११ या पोषक माध्यमात वाढवा. प्रयोगशाळेच्या मंद उजेडात आवरणाचा रंग बहुधा उडतो, म्हणून नुसत्या कल्चरवरून वर्णन लिहिणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. पुढे १६एस जनुक (जीवाणूंचं नातं ठरवायला वापरतात ते) आणि १६एस-२३एस या दोन जनुकांमधला आयटीएस भाग यांचा डीएनए क्रम काढा. सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी १६एसचं साम्य ९८.७ टक्क्यांखाली गेलं तर वेगळी प्रजाती म्हणायला आधार मिळतो. तेवढ्यावर मात्र नाव देऊ नका, कारण ग्लिओकॅप्सा नावाखाली एकमेकांशी नातं नसलेल्या बऱ्याच वंशशाखा कोंबल्या आहेत. नाव वनस्पतींच्या (शैवाल धरून) आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेखाली द्यायचं असेल तर प्रकारनमुना, म्हणजे ज्याला ते नाव कायमचं जोडलं जातं तो नमुना, म्हणून जिवंत कल्चर चालत नाही. वाळवलेला किंवा निष्क्रिय करून जपलेला नमुना हर्बेरियममध्ये (वनस्पतिसंग्रहालयात) जमा करा. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती गेली, इंग्रजी चालतं.

आणि मार्गदर्शक 'नवीन' शब्दासाठी घाई करत असतील तर त्यांच्यासमोर आम्लाचा थेंब टाका. रुसतील. रुसू द्या. माझ्या प्रबंधात शेवटी एकच प्रजाती गेली, जुन्याच नावाने, आणि त्यावर सही त्यांनाच करावी लागली.

एक सांगायचं राहिलं. अल्पिना आजही याद्यांमध्ये वेगळी दिसते. वेगळी मानायची तर माना, पण रंगाखेरीज दुसरा पुरावा द्या. आणि स्कायटोनेमा या तंतुमय सायनोबॅक्टेरियाला हा प्रयोग लावू नका. तिथला पिवळा-तपकिरी रंग स्कायटोनेमिन या दुसऱ्याच रंगद्रव्याचा असतो, तो असा लाल-जांभळा होत नाही. कडा वनखात्याच्या हद्दीत असेल तर खरवडण्याआधी परवानगी घ्या.