कानकोनसोसाई शिका आणि शेजारच्या दारात जा

तोक्योच्या निशिकासाईहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्यात चार काळज्या आहेत, पण पहिलीने मला रात्री झोप लागू दिली नाही. त्या लिहितात: "आमच्या मजल्यावरच्या आजींचे यजमान गेल्या महिन्यात गेले. खाली फलकावर कागद लागला होता, त्यातलं मला फक्त आडनाव वाचता आलं. हे म्हणाले, आपली भाषा नाही, धर्म नाही, तिथे जाऊन बोलायचं काय? शिवाय त्यांनी बोलावलंही नाही. आम्ही गेलो नाही. आता लिफ्टमध्ये आजी दिसल्या की मी मोबाइलमध्ये बघते. ह्याच आजींनी माझ्या मुलाच्या तापात मध्यरात्री बर्फाची उशी आणून दिली होती."

ताई, तुमचा जीव कासावीस होतोय ते मला समजतं. आपण सगळेच इथे आलो तेव्हा कोपऱ्यात उभं राहून बघत होतो. पण रागावणारही आहे. तुमचे यजमान जपानी भाषेच्या परीक्षेत एन-टू पातळी पास आहेत असं तुम्हीच लिहिलंय. एवढी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, घोकली, ऑफिसातली आदराची भाषा शिकलात, आणि कानकोनसोसाई हा शब्द घरात कुणालाच ठाऊक नाही? गेली कित्येक वर्षं मी ह्याच सदरात सांगते आहे की जपानात राहायला आलेल्या कुटुंबाने कचऱ्याच्या वेळापत्रकानंतर लगेच हा शब्द शिकावा. ह्यात चार अक्षरं आहेत. 'कान' म्हणजे वयात येणं, 'कोन' लग्न, 'सो' अंत्यविधी आणि 'साई' म्हणजे पितरांचं, ओबोन ह्या पितरांच्या सणासारखं. माणसाच्या घरात जे जे औपचारिक घडतं ते सगळं ह्यात आलं. पुस्तकांच्या दुकानात ह्या नावाची पुस्तकं असतात, कारण जपानी माणसांनाही हे शिकावं लागतं. तेव्हा आपल्याला येत नाही ह्याची लाज नको. शिकायचंच नाही म्हटलं, तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

त्या चारांतलं 'सो' सगळ्यांत आधी शिका. लग्नाला तुम्ही गेला नाहीत तर एक खुर्ची कमी मांडतील. मरणाच्या दारात न गेलेला माणूस लक्षात राहतो. जुन्या जपानी खेड्यात एखाद्या घराला वाळीत टाकत, त्याला 'मुराहाचिबु' म्हणतात. दहापैकी आठ व्यवहार तोडायचे, पण आग लागली किंवा कुणी गेलं तर त्या घरीही जायचं, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. वाळीत टाकलेल्या घराचंही मयत सोडायचं नाही! माझ्या सासूबाई हेच वेगळ्या शब्दांत सांगायच्या: लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये, मयताला बोलावण्याची वाट बघू नये. त्या योकोहामाला आमच्याकडे असताना समोरचे काका गेले. जपानीतला एक शब्द येत नसताना त्या माझ्याबरोबर आल्या, सगळ्यांचं बघून चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला, हात जोडले आणि बाजूला झाल्या. धर्म कुणीही विचारला नाही. हात जोडणं तर आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता नीट लक्ष द्या. आदल्या संध्याकाळी 'त्सुया', म्हणजे मृताजवळ जमण्याचा विधी, असतो, दुसऱ्या दिवशी निरोपाचा विधी आणि दहन. शेजारी आणि ऑफिसातली माणसं बहुधा त्सुयाला जातात. कपडे काळे. आपल्याकडे दुःखात पांढरं नेसतात, म्हणून एक बहीण इथे पांढरा सलवार-कमीज घालून गेली आणि सगळ्यांत उठून दिसली. सोनं नको, मोत्यांची एकेरी माळ चालते. मंगळसूत्र काढायची गरज नाही, कपड्याच्या आत सरकवा. तोंडाने एवढंच म्हणायचं: "कोनोताबि वा गोशूशो-सामा देस." म्हणजे तुमच्या दुःखात आम्हीही आहोत. पुढचं पुटपुटलं तरी चालतं, तिथे स्पष्ट मोठ्याने बोलणंच उलट विचित्र वाटतं.

पैसे द्यायचे असतात, त्याला 'कोदेन' म्हणतात. काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांचं पाकीट कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतं. शेजाऱ्यांसाठी 3,000 किंवा 5,000 येन पुरतात. 4 आणि 9 हे आकडे टाळायचे, कारण त्यांच्या उच्चारात मरण आणि यातना ऐकू येतात. नोट कोरी नको, नाहीतर तुम्ही आधीपासून तयारी करून बसला होतात असं दिसतं. कोरीच असेल तर एक घडी घालून द्या. 2024 च्या जुलैत नव्या छापाच्या नोटा आल्यापासून मला सारखं विचारतात, म्हणून सांगते: जुनी नोट म्हणजे वापरलेली नोट, जुन्या छापाचीच हवी असं नाही. नाव फिक्या शाईच्या ब्रशपेनने खाली मध्यभागी लिहा, काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलं तरी चालतं. आतल्या पाकिटावर पत्ता आणि रक्कम लिहायला विसरू नका, कारण त्यावरूनच ते परतभेट पाठवतात. चहा किंवा नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, येईल. ती घ्यायची, आणि त्यावर आपण पुन्हा काही पाठवायचं नाही.

एक अपवाद आहे. हल्ली 'काझोकुसो' म्हणजे फक्त घरच्यांत उरकायची पद्धत वाढली आहे. कागदावर तसं लिहिलेलं असेल तर विधीला जाऊ नये, आणि कोदेन घेणार नाही म्हटलं असेल तर आग्रह करू नये.

ताई, तुमचं अजून हुकलेलं नाही. शोकाचे 49 दिवस सात-सातच्या हिशेबाने मोजतात, ही मोजणी बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडूनच तिकडे गेलेली. तुमच्या पत्राप्रमाणे ते अजून संपलेले नाहीत. आजींना आधी विचारा, "अगरबत्ती लावायला येऊ का?" त्या हो म्हणाल्या की साध्या गडद कपड्यांत जा. पूर्ण काळा पोशाख आता नको. पांढरी फुलं किंवा टिकणारा गोड खाऊ न्या, फोटोसमोर उदबत्ती लावा, दहा मिनिटांत निघा. उशीर झाल्याबद्दल एकदा माफी मागा, पुन्हा पुन्हा नको. यजमानांनाही घेऊन जा, ते एन-टू तिथे कामाला येऊ दे.

मी एवढी हट्टाने का सांगते? माझे वडील साताऱ्यात वारले तेव्हा मुलीच्या परीक्षेमुळे मला लगेच निघता आलं नाही. संध्याकाळी दाराची घंटा वाजली. आमच्या मजल्यावरची चार घरं ओळीने उभी होती, प्रत्येकीच्या हातात पाकीट. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नाही, त्याच्या फोटोपुढे त्या गुडघ्यांवर बसल्या. ह्यांचं म्हणणं होतं की पैसे परत करावेत, आपल्यात असं घेत नाहीत. मी घेतले. त्या रात्री माझ्या बाबांसाठी योकोहामात रडायला माझ्याबरोबर कुणीतरी होतं. 49 दिवसांनी प्रत्येक घरी चहाचा डबा पोचवला. त्यातल्या दोघी आता नाहीत. त्यांच्या घरी मी गेले होते.

आता बाकीचं. "यजमानांच्या सहकाऱ्याच्या लग्नाला किती द्यायचे?" 30,000 येन, कोऱ्या नोटा, लाल-पांढऱ्या दोऱ्यांचं पाकीट. दोऱ्याची गाठ न सुटणारी हवी. फुलासारखी सुटणारी गाठ बारशाला आणि शाळाप्रवेशाला, जे पुन्हा घडलं तर आनंदच आहे. पैठणी जरूर नेसा, फक्त पांढरी किंवा मोतिया नको, तो रंग नवरीचा.

"एप्रिलमध्ये मुलाचं न्यूगाकुशिकी, म्हणजे शाळाप्रवेशाचा समारंभ, आहे." नेव्ही किंवा बेज रंगाचा साधा सूट घाला, पिशवीत घरातले स्लिपर आणि बूट ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी न्या. मुलगा बहिणीशी जपानीत बोलतो, ह्याची काळजी सोडा. तुम्ही दोघं मराठीत बोलत राहा.

"सासूबाई 90 दिवसांसाठी येणार आहेत." एवढ्या दिवसांसाठी येणाऱ्याला इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. प्रवास विमा भारतातूनच काढा, आणि जुन्या आजारांवर तो किती देतो हे लेखी घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापेक्षा जास्त पुरतील एवढी आणायची तर इथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधी काढावी लागते, तेव्हा तिकिटाबरोबरच त्या कागदालाही लागा.