प्लेटलेट २ लाख ८० हजार आहेत, तरी पोरीचं रक्त का थांबत नाही?

ताई, तुम्ही विचारलंय की ९ वर्षांच्या पोरीच्या नाकातून तासतासभर रक्त येतं, ब्रश केला की हिरड्यांतून येतं, रक्ताच्या सीबीसी तपासणीत प्लेटलेट २ लाख ८० हजार म्हणजे एकदम नॉर्मल आणि तरी डॉक्टर म्हणतात प्लेटलेट काम करत नाहीत, तर हे कसं काय, आणि प्लेटलेट कॅन्सर पसरवतात असं वाचलं त्याचा पोरीशी संबंध आहे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण त्याच भीतीनं तुमची झोप उडाली असणार. संबंध नाही. डॉक्टरांना ज्या आजाराची शंका आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं तो, म्हणजे ग्लँझमन नावाचा आजार, जन्मापासून असतो, तो कॅन्सर नाही आणि पुढे जाऊन कॅन्सर होतही नाही. वाचलेली गोष्ट खोटी नाहीये, पण ती वेगळी आहे, खाली सांगतो.

मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे सगळे एकच विचारत येतात, "भाऊ, पेशी किती आल्या?" आकडा दीड लाखाच्या वर निघाला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. डेंग्यूत ते ठीकच आहे, पण मशीन फक्त मोजते, कोणती प्लेटलेट चिकटू शकते अन् कोणती नाही हे तिला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एक आजी नातीला घेऊन आली होती, ७ वर्षांची पोट्टी, दुधाचा दात पडलेला, तोंडात कापूस कोंबलेला आणि तो लाल झालेला. आजी म्हणे, "परवा दात पडला, अन् रगत थांबूनच नाही राहिलं बाप्पा." आधी दोन ठिकाणी दाखवून आले होते, दोन्हीकडे काउंट नॉर्मल म्हणून घरी पाठवलं होतं. माझ्या मशीननंही नॉर्मलच दाखवला आणि खरं सांगतो, मीही तसाच रिपोर्ट देणार होतो. पण त्या पोट्टीच्या पायावर निळे डाग होते, कुठे पडली नाही, लागलं नाही, तरी. म्हणून मी बोटाला सुई टोचून थेंब सरळ काचेवर घेतला, जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त वापरलं नाही, कारण त्या बाटलीतल्या औषधानं कोणाच्याही प्लेटलेट सुट्याच राहतात. थेट बोटातल्या थेंबात चांगल्या प्लेटलेट एकमेकींना धरून पुंजक्यांनी दिसतात. हिच्या स्लाइडवर भरपूर प्लेटलेट होत्या पण एकेक वेगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पुंजका सापडला नाही. मग साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ३७ डिग्रीच्या पाण्यात ठेवलं. दही लागल्यावर कडेनं पाणी सुटतं ना, तसं रक्ताची गाठ आकसून बाजूला पिवळसर पाणी सुटायला पाहिजे, तास-दोन तासांत दिसायला लागतं. हिची गाठ संध्याकाळपर्यंत नळीभर जशीच्या तशी. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी दोन्ही पाहिलं आणि म्हणाले, ग्लँझमन वाटतोय, पुढे पाठव. पुढच्या तपासणीत तेच निघालं.

आता हे होतं कसं. प्लेटलेट म्हणजे अडीच-तीन मायक्रॉनची चकती, तिला केंद्रक नसतं, हाडांच्या मगजात मोठ्या पेशी असतात त्यांचे तुकडे पडून ती तयार होते आणि ७ ते १० दिवस जगते. तिच्या आवरणावर प्रोटीनचे आकडे, म्हणजे अडकवायचे हुक, असतात, सगळी करामत त्यांची. दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला ग्लायकोप्रोटीन वन-बी. रक्तवाहिनी फाटली की तिथे व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं लांब प्रोटीन चिकटतं आणि रक्ताच्या जोरानं उलगडतं, पुराच्या नाल्यात वाहत जाणाऱ्याच्या हाताला काठावरची वेल लागावी तशी प्लेटलेट या पहिल्या आकड्यानं त्याला धरते. धरलं की ती जागी होते आणि दुसरा आकडा उघडतो, ग्लायकोप्रोटीन टू-बी-थ्री-ए. हा एकेका प्लेटलेटवर साधारण ८० हजार असतो, एरवी मान वाकवून मिटून बसलेला, जागा झाला की ताठ होतो आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनला पकडतो. फायब्रिनोजेन हा दोन्ही टोकांना धरता येईल असा दोर, एक टोक एका प्लेटलेटच्या हातात, दुसरं दुसरीच्या, अशी त्यांची गच्च साखळी होते. हाच आकडा आतून गाठ ओढून घट्टही करतो, त्या पोट्टीत तो नीट नव्हता म्हणून तिच्या नळीतली गाठ आकसली नव्हती.

दुसरा आकडा नसेल किंवा बिघडलेला असेल तर ग्लँझमन, स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लँझमन यांनी १९१८ मध्ये हा आजार लिहून ठेवला. पहिला नसेल तर बर्नार्ड-सुलिए, तो १९४८ चा, त्यात प्लेटलेट मोठाल्या दिसतात आणि काउंटही कमी येतो. तुमच्या पोरीचा काउंट चांगला आहे म्हणून मला ग्लँझमनकडे जास्त वाटतं, पण ते तपासूनच ठरेल. गंमत बघा, आजार १९१८ ला कळला पण आवरणावर नेमकं काय कमी आहे हे १९७४ मध्ये पॅरिसला नर्डन आणि काँ यांनी दाखवलं, मध्ये ५६ वर्षं गेली.

आणि या पेशंटमुळेच पुढे हार्टच्या औषधांची वाट सापडली, हे मला लय महत्त्वाचं वाटतं. हा आकडा नसला तर गुठळी होत नाही, मग हार्टअटॅकच्या पेशंटमध्ये थोडा वेळ तोच झाकला तर? अमेरिकेत बॅरी कॉलर यांच्या कामातून अब्सिक्सिमॅब नावाचं औषध आलं, १९९४ ला मंजूर झालं. १९९८ चं टिरोफिबान तर फुरशाच्या विषावरून सुचलेलं, तेच फुरसं जे धुऱ्यावर दगडाखाली निघतं. त्याच्या विषात एकिस्टॅटिन म्हणून ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन असतं, ते बरोबर या आकड्यात जाऊन बसतं आणि फायब्रिनोजेनला जागा ठेवत नाही, त्याची नक्कल करून औषध बनवलं.

आता कॅन्सरचं. हा आकडा इंटिग्रिन नावाच्या मोठ्या कुटुंबातला आहे, शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी असल्या इंटिग्रिननं आपापल्या जागी धरून असतात, याच कामासाठी हाइन्स, रुओस्लाटी आणि स्प्रिंगर या शास्त्रज्ञांना २०२२ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा पुरस्कार मिळाला. कॅन्सरच्या गाठीतली पेशी जागा सोडून रक्तात शिरली की तिचं मरण जवळ असतं, रक्ताच्या जोरात फाटते नाहीतर पांढऱ्या पेशी खातात, बहुतेक अशाच मरतात. पण तिच्यावर प्लेटलेट चिकटल्या तर त्यांची ढाल होते, पांढऱ्या पेशींना ती दिसत नाही, वर प्लेटलेट तिच्या अंगावर टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन सोडतात त्यानं ती जास्त चिवट अन् फिरती होते, हे हाइन्स यांच्याच लॅबनं २०११ ला उंदरांवर दाखवलं. उंदरांच्या प्लेटलेट कमी केल्या तर कॅन्सर कमी पसरतो हे तर गॅसिक यांनी १९६८ लाच पाहिलं होतं. आपल्याकडे तंबाखूच्या खर्ऱ्यानं तोंडाचे कॅन्सर किती होतात ते तुम्हाला सांगायला नको, त्यातल्या बऱ्याच गाठींच्या पेशींवर पोडोप्लॅनिन नावाचं प्रोटीन असतं आणि प्लेटलेटवरचा क्लेक-टू नावाचा आकडा नेमकं त्यालाच धरतो. म्हणजे जखम बंद करायची जी पकड, तीच कॅन्सरची पेशी वापरून घेते. यात प्लेटलेटचा दोष नाही, आणि तुमच्या पोरीच्या प्लेटलेट तर उलट एकमेकींनाही धरत नाहीयेत. कॅन्सरवर म्हणून या पकडीवर औषधं शोधणं चालू आहे, अ‍ॅस्पिरिनची मोठी चाचणी भारतातही झाली, पण पकड सोडवली की रक्तस्राव वाढतो, म्हणून जपूनच. कोणाचं ऐकून घरात कोणी अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका, पोरीला तर चुकूनही नाही.

तिच्यासाठी आता काय करायचं ते सांगतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही द्यायचं नाही, ताप-दुखण्याला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. गावात कोणत्याही तापाला कमरेत सुई मारतात, ती नाही मारू द्यायची, आत रक्त साचतं. दात काढायच्या आधी हे सांगायचंच. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडनं बऱ्याचदा रक्त आटोक्यात येतं, प्लेटलेट चढवायची वेळ आली तर तो निर्णय मोठ्या डॉक्टरांचा, कारण वारंवार चढवल्या की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि खऱ्या गरजेला त्या लागू पडत नाहीत. आणि पोरगी ९ ची आहे, पाळी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, पहिल्या पाळीतच या पोरींचं खूप रक्त जातं. घरात मामाच्या पोरीशी लग्न झालेलं असेल तर तेही लाज न बाळगता सांगा. आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जीन आलं तरच हा आजार होतो, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, आणि प्रत्येक लेकराला २५ टक्के शक्यता असते, म्हणून तिच्या भावंडांचीही तपासणी करा. सासूबाई कोणाला दोष देत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा.

तपासण्या दोन, प्लेटलेट अ‍ॅग्रीगेशन आणि फ्लो सायटोमेट्री. पहिलीत प्लेटलेट पुंजके करतात का ते बघतात, दुसरीत आकडे आहेत का ते. रक्त ताजं लागतं, अ‍ॅग्रीगेशन तर साधारण ४ तासांच्या आत व्हावी लागते, म्हणून सँपल एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन चालत नाही, पोरीलाच न्यावं लागतं. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्ताच्या आजारांची) संस्था आहे, रक्तस्रावाच्या आजारांवर तिथे काम चालतं, तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आधी फोन करून विचारा. जायच्या आधीचे १० दिवस तिला कोणती पेनकिलर गेली नाही ना तेवढं बघा, त्यानं चांगल्या प्लेटलेटचाही रिपोर्ट बिघडलेला येतो.