पोटाशी धरून ठेवलेला हात

47 वर्षांच्या या ताई स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात आल्या, तेव्हा डावा हात पोटाशी घट्ट धरलेला होता आणि वरून पदर. किमो आधीच झाली होती. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या होत्या. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी 12व्या दिवशी निघाली, जखम कोरडी होती. तरी हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी घालायला, ब्लाउज चढवायला सून लागायची. "हात उचलला की काखेतून तार ओढल्यासारखी होते. टाके उसवतील का? की आजारच परत आलाय?" बहुतेकजणी हे दोन्ही विचारतात, दुसरं मात्र अगदी हळू आवाजात.

पाच आठवड्यांनी, जखम भरलेली असताना, हळू केलेल्या व्यायामाने टाके उसवत नाहीत. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा असतो. शेजारणींनी सांगितलेलं "हात हलवू नकोस" ते त्या दिवसांतही पूर्ण खरं नसतं. त्यानंतरही हात धरून ठेवला की छातीचा स्नायू आखडतो, व्रण खालच्या थराला चिकटतो आणि सांध्याभोवतीचं आवरण आवळत जातं. मग हलवलं की दुखतं, म्हणून पुन्हा हलवायचं नाही.

काखेतून कोपराकडे जाणारी ती तार हात उचलल्यावर कातडीखाली दिसतही होती. ही आजाराची गाठ नव्हे. काखेतल्या गाठी काढल्यावर काहीजणींच्या रसवाहिन्या, म्हणजे त्या गाठींना जोडलेल्या बारीक नळ्या, अशा ताठरतात. बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्या सैल पडतात. मात्र हे सर्जनने तपासून सांगायचं असतं, म्हणून ताईंना आधी त्यांच्याकडे पाठवलं. तिथून व्यायामाची परवानगी आली आणि फिजिओथेरपिस्टचं नावही.

आणखी एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. सपाट झालेली बाजू दिसू नये म्हणून त्या खांदा पुढे ओढून, पाठ वाकवून बसत. अशा बसण्याने खांद्याचं पातं पुढे सरकतं, हात उचलताना वरची जागा अरुंद होते आणि तिथे चिमटा बसतो. म्हणजे दुखण्याचा बराच भाग लाजेतून आला होता. यावर व्यायामाइतकाच सुती कापडाच्या मऊ पॅडचा उपयोग झाला. ब्लाउजच्या आत ते बसलं तशा त्या सरळ बसल्या. आरशात व्रण पाहायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. त्यासाठी कुणीही घाई करू नये.

व्यायाम दिवसातून दोनदा ठरला, प्रत्येक 5 ते 7 वेळा. उताणं झोपून, गुडघे वाकवून, पुसण्याच्या मॉपची काठी दोन्ही हातांत धरायची. चांगल्या हाताने दुसऱ्याला आधार देत ती डोक्याकडे न्यायची. ओढ लागेल तिथे 5 सेकंद थांबायचं आणि श्वास रोखायचा नाही. मग बसून दोन्ही पाती मागे जवळ आणायची, खांदे कानाकडे न उचलता. शेवटी भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत वर न्यायची आणि पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करायची. ओढ चालते, कळ नको. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं तर पुढच्या वेळी थोडं कमी. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर ते अर्धा तास आधी घेतलेलं बरं. झोपताना उताणं, हाताखाली उशी.

शेक आणि मालीश यांनी घोटाळा होतो. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा असतो, कारण काखेतून जाणारी संवेदनेची नस शस्त्रक्रियेत दुखावते किंवा कापली जाते. तिथे गरम पिशवी भाजली तरी कळत नाही. घरच्यांनी तेल लावून जोरात रगडलेला हात सुजूही शकतो.

घाईचं एक कारणही होतं. रेडिएशनच्या आखणीला तीन आठवडे उरले होते आणि त्या वेळी हात डोक्यावर धरून स्थिर पडून राहावं लागतं. पेन्सिलीच्या खुणा रोज वर गेल्या नाहीत, दोनदा खालीही आल्या. आखणीच्या दिवशी मात्र हात पोचला.

ताप, काखेत किंवा हातावर लाली, अचानक सूज, हातापायाला मुंग्या व अशक्तपणा, किंवा विश्रांतीतही रात्रंदिवस वाढत जाणारं हाडातलं दुखणं असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. भिंत ढकलताना खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर आलं तर नसेला इजा असू शकते. तेही फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

शेवटी त्यांनी विचारलं, "पाण्याची कळशी कधी उचलू?" कळशी लगेच नाही. फिजिओथेरपिस्टने हो म्हटलं की आधी अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याहून थोडं जड. त्या हातातली बांगडी घट्ट वाटू लागली किंवा संध्याकाळी हात जड झाला, तर वजन कमी करायचं आणि हात दाखवून घ्यायचा.