वाचकांचे प्रश्न : नाताळचे ताट आणि नाताळचे दिवस

प्रश्न : आमच्या शेजारचे ख्रिस्ती कुटुंब दर नाताळाला गोड पदार्थांचे ताट आमच्याकडे पाठवते. माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत. ताटातील कोणते पदार्थ त्यांना निःशंकपणे देता येतील? (एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर : बरेच पदार्थ देता येतील. दोदोल हा तांदळाचे पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचा दाट रस यांचा पदार्थ असून त्यात अंडे नसते. मंद आचेवर तो तासन्‌तास घोटावा लागतो, कडेने तेल सुटू लागले की तूप लावलेल्या ताटात थापतात आणि गार झाल्यावर वड्या पाडतात. भिजवून शिजवलेली चणाडाळ वाटून ती खोबरे व साखरेबरोबर आटवली की दोस होते. पिनाग्रला भाजलेल्या उकड्या तांदळाचे पीठ, गूळ आणि खोबरे लागते. या दोन्ही पदार्थांतही अंडे नाही. नेवऱ्या तर आपल्या चवथीच्या फराळातल्याच आहेत. सारण प्रत्येक घरचे निराळे असते, एवढाच काय तो फरक.

थराथरांची बेबिंका, रवा-खोबऱ्याचा बाथ (केक) आणि बोलिन्हा (खोबऱ्याची बिस्किटे) यांत मात्र अंडी असतातच, त्यामुळे हे पदार्थ सासूबाईंच्या पानात वाढू नयेत. राहता राहिले कुलकुल. काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर दाबून वळलेल्या आणि मग तळलेल्या या छोट्या शंखांच्या पिठात काही घरी अंडे घालतात, काही घरी केवळ नारळाचा रस घालतात, म्हणून त्याविषयी शेजारणीला सरळ विचारावे. चवथीला आपल्याकडून त्यांच्या घरी नेवऱ्या जातात आणि नाताळाला त्यांचे ताट आपल्याकडे येते, अशी देवाणघेवाण असलेल्या घरांत असे विचारण्याने कोणाचेही मन दुखावत नाही. उलट, अनेक गृहिणी विचारल्यावर पुढच्या वर्षापासून अंड्याचे पदार्थ वेगळ्या बशीत ठेवून पाठवतात.

प्रश्न : बेबिंकेला सात थर असावेत की सोळा? आणि ती घरी करणे एवढे अवघड का मानतात? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : सात थरांची बेबिंका सर्वसामान्य मानली जाते, सोळा थरांचीही परंपरा सांगतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील बेबियाना नावाच्या जोगिणीने हा पदार्थ प्रथम केला, ही कथा गोड असली तरी ती आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच सांगावी.

अवघडपणा थरांच्या संख्येत नसून आचेत आहे. अंड्यांचा बलक, नारळाचा दाट रस, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे मिश्रण तूप लावलेल्या भांड्यात पातळ ओततात आणि उष्णता वरून देतात. पूर्वी त्यासाठी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. खालून जोराची आच दिली, तर आधीचे थर करपून जातील आणि वरचा कच्चा राहील. एक थर तांबूस झाल्यावर त्यावर तूप सोडायचे आणि मगच पुढचा थर ओतायचा, असे शेवटपर्यंत चालते. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. कापलेल्या तुकड्यात फिकट आणि तपकिरी रेषा स्वच्छ दिसल्या, तर करणाऱ्या हाताला दाद द्यावी. गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे, कारण या पदार्थामागचे कष्ट फार थोड्यांच्या लक्षात येतात.

प्रश्न : काही देशांत नाताळ 7 जानेवारीला का साजरा होतो? (एक विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही. 25 डिसेंबरचा जुना दाखला रोममधील असून तो चौथ्या शतकातला आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चसह काही चर्च आजही जुने ज्युलियन पंचांग पाळतात आणि ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा सध्या 13 दिवसांनी मागे आहे. त्यामुळे त्यांचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो. सन 2100 मध्ये हे अंतर 14 दिवसांचे होईल आणि त्यानंतर तो सण 8 जानेवारीला येऊ लागेल. युक्रेनने 2023 पासून सरकारी सुट्टी 25 डिसेंबरला आणली आहे.

प्रश्न : घरातील गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नाताळ संपताच काढावा का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : परंपरेप्रमाणे तो तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत ठेवतात. गोठ्याच्या देखाव्याचा उगम सामान्यतः इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये मांडलेल्या देखाव्याशी जोडतात. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण आपल्याकडे रेइश मागूश, चांदर आणि कांसावली येथे विशेष उत्साहाने होतो. कांसावलीजवळच्या कुएली टेकडीवरील रेमेदियोस मातेच्या कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) राजवेष केलेले तीन मुलगे घोड्यांवर बसून वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतात. हा सोहळा पाहायचा असल्यास सकाळी लवकर निघावे, कारण टेकडीवर गर्दी फार होते.